विहीणबाईंचा खोकला

मुलीच्या सासरी खोकणं ही काही साधी गोष्ट नाही. त्यातून जगभर साथ पसरलेली, घराबाहेर पडायला बंदी, रोज संध्याकाळी बातम्यांत आकडे वाढताहेत, आणि घरात आपल्याखेरीज एकच माणूस, तेही जावयाचे वडील. अशा वेळी घशात खवखव सुरू झाली तर माणसानं करावं काय? बाई उशीत तोंड खुपसून खोकायच्या. न्हाणीघरात नळ सोडून खोकायच्या. कुकरची शिट्टी व्हायला आली की आधीपासून दबा धरून बसायच्या आणि शिट्टीच्या आवाजात आपला एक खोकला उरकून घ्यायच्या.

बाई म्हणजे बालवाडीच्या बाई. सगळा जन्म तीन-चार वर्षांच्या पोरांची नाकं पुसण्यात आणि बुटांचे बंद बांधण्यात गेला. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या गावात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. जावई बोटीवर नोकरीला गेला तेव्हा लेकीनं फार आग्रह केला, म्हणून त्या एक पिशवी घेऊन चार दिवसांसाठी तिच्याकडे आल्या होत्या. आल्या आणि अडकल्या. गाड्या बंद झाल्या, रस्ते बंद झाले. लेक रुग्णालयात नर्स. तिथला आजार घरच्या म्हाताऱ्यांना लागायला नको म्हणून तिनं रुग्णालयाच्या वसतिगृहातच मुक्काम हलवला. जावयाची बोट कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभी. दोन खोल्यांच्या त्या घरात राहिले कोण, तर विहीण आणि व्याही.

व्याह्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले मास्तर नव्हेत, मोटार शिकवणारे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा, आणि समोरच्याला वाटू द्यायचं की गाडी तोच चालवतोय, असा त्यांचा धंदा. त्याची सवय अंगात इतकी मुरलेली की बाई स्वयंपाकघरात घाईघाईनं काही करायला लागल्या की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "सावकाश, विहीणबाई. मागून कुणी हॉर्न देत नाहीये."

बाईंना हसू यायचं, पण त्या मोठ्यानं हसायच्या नाहीत. मुलांचं लग्न झाल्यापासून या दोघांचं बोलणं "या, बसा, प्रवास कसा झाला" याच्या पलीकडे कधी गेलेलं नव्हतं. विहिणीनं व्याह्यांसमोर कसं वागावं याचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण असतात. आता तर नुसतं समोर यायचं नव्हतं, एका छपराखाली राहायचं होतं. आपले कपडे दोरीवर कुठं वाळत घालायचे, इथपासून प्रश्न.

आणि त्यात हा खोकला.

पहिल्या दिवशी त्यांना बाहेरच्या खोलीतच ढास लागली. मास्तर उठले, आपली खुर्ची उचलली आणि थेट पलीकडच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. खिडकी सताड उघडली. दुसऱ्या दिवसापासून तोंडाला मास्क लावून बसायला लागले, घरातल्या घरात. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताप नव्हता, अंग दुखत नव्हतं, जिभेला चव होती, वास येत होता. हे सगळं त्यांनी स्वतःशी चारदा तपासून पाहिलं होतं. पण व्याह्यांना जाऊन सांगणार कसं, की अहो मला वास येतोय?

मग त्यांना आठवलं. इकडे येण्याआधी त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली होती. देताना म्हणाले होते, "बाई, कुणाकुणाला हिच्यानं कोरडा खोकला येतो. आला तर मला सांगा, आपण दुसरी देऊ." बाईंच्या कानांनी त्यातलं पहिलं वाक्य जपून ठेवलं होतं आणि दुसरं वाटेत कुठंतरी सांडलं होतं. त्यांना वाटलं, सापडला चोर! गोळीनं खोकला येतो ना, मग गोळीच नको. त्यांनी गोळ्यांची ती पट्टी पिशवीच्या तळाशी, घड्या घातलेल्या कपड्यांखाली सारून दिली. लेकीला सांगायचा प्रश्नच नव्हता. ती बिचारी संध्याकाळी फोनवर दिसायची तेव्हा तिच्या गालांवर मास्कचे वळ उठलेले असायचे आणि बोलता बोलता डोळे मिटत असायचे.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"तू जेवलीस का ते सांग आधी," असं म्हणून बाई विषय बदलत.

खोकला खरंच हळूहळू कमी झाला. कुकरच्या शिट्टीची वाट बघायची गरज उरली नाही. मात्र मान मागून जड व्हायला लागली. सकाळी उठलं की डोक्यात कुणी ओली गोणी ठेवल्यासारखं वाटायचं. बाईंनी त्यावर उपाय म्हणून कपाळाला रुमाल घट्ट बांधला आणि कामाला लागल्या.

खोकला गेला तरी मास्तरांची खुर्ची काही खिडकीजवळून हलली नाही. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. शिवाय बाकीच्या गोष्टीही त्यांच्या ध्यानात येत होत्या. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला तर मास्तर त्याच्याकडे बघतही नसत. चहा गार झाला की मग हात पुढे करून, चाचपडल्यासारखं करत उचलत. दारातून त्या किंचित हसल्या तर उलट हसत नसत. एकदा ताटात वाढलेल्या वाटीला हातही न लावता उठले आणि वर म्हणाले, "आज आमटीला सुट्टी वाटतं." आमटी समोर होती! बाईंनी ती वाटी आत नेऊन स्वतः संपवली. आपलं इथं राहणं यांना जड जातंय, एवढंच त्या समजल्या.

औषधं संपत आली तसा मेडिकलवाल्याला फोन झाला. त्याचा उलट फोन आला, तो मास्तरांनीच घेतला. बाईंनी आतून ऐकलं ते एवढंच, "हो हो. ठीक आहे. कळलं म्हणतो ना." दुपारी पोऱ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून, घंटी वाजवून पसार झाला.

बाईंचा तेव्हा धुण्याचा सपाटा चालला होता. त्या दिवसांत कोण काय धूत नव्हतं? लोक बटाटे साबणानं धूत होते, दुधाच्या पिशव्या धूत होते, नोटा उन्हात वाळत घालत होते. बाईंनी चिमट्यानं पिशवीतली कागदी पाकिटं बाहेर काढली, आतल्या पट्ट्या बादलीत टाकल्या आणि पाकिटं सरळ कचऱ्याच्या डब्यात. त्यांच्यावर जाड पेनानं काहीतरी लिहिलेलं त्यांना दिसलं. पण कागदावर जंतू राहतात असं त्यांनी ऐकलं होतं, तेव्हा वाचत कोण बसतो? पट्ट्या साबणाच्या पाण्यात बुचकळून त्यांनी टॉवेलवर ओळीनं वाळत घातल्या. वाळल्यावर मास्तरांच्या पट्ट्या मास्तरांच्या खणात.

"लावून देऊ का नीट? सकाळच्या, रात्रीच्या?" त्यांनी विचारलं. एरवी हे काम त्यांची लेक करायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"नको नको," मास्तर लगेच म्हणाले. "माझ्या गोळ्यांचं मी बघतो. इतकी वर्षं घेतोय."

बाई मुकाट्यानं मागं सरल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळची गोष्ट. बाई भात टाकून बाहेर आल्या तर मास्तर खुर्चीत वाकडे होऊन बसलेले. सदरा घामानं ओला. बाहेर काही तसं ऊन नव्हतं.

"व्याहीबुवा, बरं वाटत नाही का?"

"डावीकडे घे," मास्तर म्हणाले.

"काय?"

"डावीकडे घे म्हणतो ना! दिसत नाही समोर?" आवाज चढलेला, पण जीभ जड. हात थरथरत होते. पाय जमिनीवर काहीतरी दाबत होता, सारखा, न थांबता.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला विचार आला तो साथीचाच. आली, घरात आली. दुसरा विचार त्याहून वाईट होता, की माझ्यामुळे आली. म्हणजे तो खोकला गोळीचा नव्हताच! त्या दारातच खिळून उभ्या राहिल्या. दोघांमध्ये खोलीची सगळी लांबी होती, आणि मास्क तर त्या घटकेला दोघांच्याही तोंडाला नव्हता.

एवढ्यात मास्तर खुर्चीवरून घसरायला लागले.

मग बाईंनी काही विचार केला नाही. बालवाडीत घसरगुंडीवरून पोर तिरकं यायला लागलं की बाई जशा धावत, तशा धावल्या आणि त्यांना दोन्ही काखांत धरून सरळ केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी व्याह्यांना हात लावला असेल. अंग गरम लागेल म्हणून त्या तयारीत होत्या. अंग गार लागलं. गार आणि चिकट.

एका हातानं त्यांना धरून ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी लेकीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागं कसलीतरी यंत्रं वाजत होती.

"ठमे, तुझे सासरे... घाम फुटलाय, भलतंच बोलताहेत, हात कापताहेत."

"ताप आहे?"

"नाही गं, गार पडलेत."

लेकीचा आवाज एकदम बदलला. इतका शांत झाला की बाईंना तो ओळखू येईना. "आई, ऐक. ते तुझ्याकडे बघताहेत का? घोट गिळता येतोय का? विचार त्यांना."

"व्याहीबुवा, पाणी प्याल का?"

"पितो की," मास्तर रागानं म्हणाले.

"चांगलं आहे. त्यांची साखर उतरलीय. पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळ आणि पाज, घोट घोट. फोन बंद करू नकोस. बोलणं थांबलं, डोळे मिटायला लागले तर तोंडात काही घालू नकोस, मला सांग, मी गाडी पाठवते."

साखरेचा डबा उघडताना बाईंच्या हातून निम्मी साखर ओट्यावर सांडली. उरलेली त्यांनी पेल्यात ढवळली आणि पेला मास्तरांच्या ओठांना लावला. "हं, एक घोट. शाब्बास. आता अजून एक. बघू कोण आधी संपवतं ते." हे आपण काय बोलतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मास्तर पीत राहिले. मग लेकीनं सांगितलं तसं त्यांनी कपाटातलं साखर तपासायचं यंत्र काढलं, मास्तरांचं बोट टोचलं आणि आकडा वाचून दाखवला. लेकीनं तो आकडा परत वाचायला लावला. मग म्हणाली, "बरं झालं तू लगेच फोन केलास."

थोड्या वेळानं पुन्हा टोचलं. आकडा चढला होता. पायाचं दाबणं थांबलं. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं, आपल्या ओल्या सदऱ्याकडे बघितलं आणि हलकेच विचारलं, "मी काही वेडंवाकडं बोललो का हो?"

"डावीकडे घ्या म्हणालात," बाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. त्यांचा जीव आत्ता कुठं भांड्यात पडला होता.

"आई, बसू नकोस," फोनमधून लेक म्हणाली. "आधी त्यांना भात खायला घाल. आणि खणातल्या सगळ्या पट्ट्या आण. एकेक करून फोनसमोर धर."

बाईंनी मास्तरांना गरम भात वाढून दिला आणि खण उपसला. एक पट्टी हिरव्या गोळ्यांची, दोन-तीनच उरलेल्या. एक पांढऱ्या गोळ्यांची. अजून एक पांढऱ्या गोळ्यांची. त्या धरत गेल्या आणि लेक वाचत गेली.

"हिरवी साखरेची. ही पांढरी रक्तदाबाची. आणि ही पांढरी... अगं, हीसुद्धा साखरेचीच आहे. दुसऱ्या कंपनीची. बाबा, ही कशी घेतलीत?"

मास्तरांनी घास गिळला. "रक्तदाबाची म्हणून. सकाळी आणि रात्री."

"आणि हिरवी?"

"ती साखरेची, सकाळी. तीही घेतली."

म्हणजे दिवसाला तीन गोळ्या, आणि तिन्ही साखरेच्याच. रक्तदाबाच्या पट्टीला हातही लागलेला नव्हता.

"पण मेडिकलवाल्यानं सांगितलं नाही का कंपनी बदललीय म्हणून?"

"सांगितलं होतं," मास्तर पुटपुटले. "पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सुनेला दाखवा, असंही म्हणाला होता."

पाकिटं! बाईंच्या डोळ्यांसमोर तो चिमटा आणि कचऱ्याचा डबा उभा राहिला. "ती मी फेकली," त्या म्हणाल्या. "न वाचता फेकली. चूक माझी आहे."

"पट्टीवर नाव असतंच की," लेक म्हणाली. "बाबा, पट्टीवरचं नाव नाही वाचलंत?"

भाताच्या ताटलीत मास्तरांचा चमचा नुसताच फिरत होता.

"बाबा?"

"मला नाव दिसत नाही गं. रंग कळतो. तोही उजेडात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, साथीमुळे रुग्णालयानं ती पुढे ढकलली. घरात त्यांनी सांगितलं होतं की काही घाई नाही, चाललंय ठीक. ठीक काही चाललं नव्हतं. समोरचं सगळं वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं झालं होतं. "चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, नजर रस्त्यावर ठेवा," मास्तर म्हणाले. "आता मलाच ताटातली वाटी दिसत नाही हे कुणाला सांगू? आणि विहीणबाईंना तर कसं सांगू? त्या बिचाऱ्या आधीच परक्या घरी अडकलेल्या. त्यात आंधळ्या व्याह्याची उस्तवार."

बाईंना गार झालेले चहाचे कप आठवले. आमटीची वाटी आठवली. "म्हणजे तुम्हाला आमटी दिसलीच नव्हती!"

"होती का आमटी?"

"होती! मी एकटीनं खाल्ली सगळी, रागारागानं!"

फोनमध्ये लेक हसली की रडली ते कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग ती म्हणाली, "आई, आता तुझी पट्टी दाखव."

"माझं काय त्यात? माझी आहे ठीक."

"दाखव म्हटलं ना."

बाई पिशवीपाशी गेल्या, कपड्यांखाली हात घातला आणि पट्टी घेऊन आल्या. भरलेली, गुबगुबीत, जवळजवळ कोरी. फोनसमोर धरताना त्यांनी मान खाली घातली होती, नखं न कापता शाळेत आलेल्या पोरासारखी. कारण सांगताना त्यांनी आवाज शक्य तितका बारीक केला, पण खोली लहान होती.

"खोकला येतो म्हणून गोळी बंद केलीत?" मास्तरांनी विचारलं. "आणि कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? तुम्ही खुर्ची उचलून खिडकीशी नेलीत. घरात मास्क लावलात."

मास्तरांनी हातातली ताटली खाली ठेवली. "पहिल्या दिवशी घाबरलो होतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? म्हातारा माणूस आहे, जीव प्यारा आहे. पण नंतर खुर्ची तिथंच ठेवली ती उजेडासाठी. तिथून निदान कळतं तरी की तुम्ही खोलीत आलात की गेलात. आणि मास्क म्हणाल तर दूधवाला, कचरेवाला, दारात मीच जातो. माझ्याकडून तुम्हाला काही लागलं तर सुनेला काय तोंड दाखवू?"

"मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झालेय."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रुसलाय. पूर्वी हसायचात तरी. आताशा काही आवाजच नाही."

"अहो, मी रोज हसत होते! तुम्हाला दिसत नव्हतं."

"बस्स करा आता दोघं," लेक म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता. "मी इथं दिवसभर लोकांची औषधं सांभाळते, आणि माझ्या घरात हे!"

दुपारी तिच्या ओळखीच्या डॉक्टरांनी फोन केला. मास्तरांची साखरेची गोळी त्या दिवसापुरती थांबवली. शरीरात गेलेल्या गोळीचा असर लगेच ओसरत नाही, तेव्हा दिवसभर आणि रात्रीही थोड्या थोड्या वेळानं साखर तपासा, काहीबाही खायला देत राहा, पुन्हा उतरली तर वाट न बघता घेऊन या, असं बजावलं. बाईंनाही खूप बोलणी बसली. आपल्या मनानं गोळी बंद करणं म्हणजे काय ते डॉक्टरांनी त्यांना सोप्या शब्दांत समजावलं. मग खोकला न येणारी दुसरी गोळी लिहून दिली. "खोकला आला की आधी फोन करायचा, आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही," डॉक्टर म्हणाले. बाईंनी हो हो केलं. डॉक्टरांनी त्यांना ते दोनदा परत म्हणून दाखवायला लावलं.

संध्याकाळपर्यंत मास्तर सावरले. बोटांना टोचून टोचून भोकं पडली म्हणून कुरकुर करायला लागले, तेव्हा बाईंना हायसं वाटलं.

त्या दिवसापासून घरातली वहिवाट बदलली. हिरव्या गोळ्यांची पट्टी लेकीनं बाजूला काढायला लावली, म्हणजे एकाच कामाच्या दोन गोळ्या खणात राहायला नकोत. बाईंच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मास्तरांच्या बाहेरच्या खणात. नवं काही आलं तर बाई पट्ट्या धूत नसत. पाकिटासकट एका बाजूला ठेवून देत आणि स्वतःचे हात साबणानं धूत. लेक म्हणाली होती, तेवढं पुरतं. सकाळी बाई मास्तरांच्या पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचत, कशाची ते सांगत, आणि मगच गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत. मास्तर ते नाव परत म्हणत. मग ते विचारत, "तुमची?" बाई आपली गोळी जिभेवर ठेवून, पाणी पिऊन म्हणत, "घेतली."

"दिसत नाही म्हणून फसवत तर नाही ना?"

"गिळल्याचा आवाज ऐका हवं तर."

एकदा सकाळची गोळी दिली की नाही याबद्दल दोघांत वाद झाला. मास्तर म्हणाले दिली नाही, बाई म्हणाल्या दिली. खात्री दोघांनाही नव्हती. पूर्वी असतं तर मास्तरांनी अजून एक घेऊन टाकली असती. आता त्यांनी सुनेला फोन केला. ती म्हणाली, शंका असेल तर दुसरी घ्यायची नाही, उद्याची उद्या. त्यानंतर बाई दिलेल्या गोळीच्या जागी पट्टीवर पेनानं वार लिहायला लागल्या.

गोळ्या झाल्या की चहा व्हायचा. खुर्ची खिडकीशीच राहिली, फक्त तिच्याशेजारी दुसरी आली. समोरच्या इमारतीत कोण काय करतंय ते बाई सांगायच्या. कुणी गच्चीत दोरीच्या उड्या मारतंय, कुणी नवऱ्याचे केस कापतंय आणि पार वाट लावतंय. मास्तर ऐकत आणि मध्येच विचारत, "एका बाजूला जास्त कापलेत का? मग आता दुसरीकडचेही कापेल बघा. सगळे नवशिके असंच करतात."

साथ ओसरायला लागली तशा गाड्या सुरू झाल्या. बाईंना आता घरी जाता आलं असतं. त्यांनी पिशवी भरलीही होती. तेवढ्यात नेत्र रुग्णालयातून फोन आला, मास्तरांना तारीख मिळाली. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर. लेक अजून वसतिगृहातच होती. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायचे होते, दिवसातून कितीतरी वेळा, वेगवेगळ्या बाटल्यांतले. बाईंनी पिशवीतले कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा थेंब घालायची वेळ आली. बाईंनी हात धुतले, बाटलीवरचं नाव वाचलं, ती उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिली. मास्तर खुर्चीत मान मागं टाकून बसले होते आणि खुर्चीचे हात त्यांनी घट्ट आवळून धरले होते. लोकांना घाटातून गाड्या उतरवायला शिकवणारा माणूस एका थेंबाला घाबरला होता.

"वर बघा. छताकडे," बाई म्हणाल्या. "छान. आता मी हळूच खालची पापणी ओढणार. मिटायचं नाही हं."

पहिला थेंब गालावर गेला, कारण मास्तरांनी ऐन वेळी डोळा मिटला. दुसरा बरोबर पडला. बाईंनी बाटलीचं टोक कुठं लागू दिलं नाही, गालावरचा ओघळ कापसानं टिपला आणि त्या दूर सरणार, तोच मास्तरांनी डोळा उघडला. त्या एका डोळ्यानं ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय."

बाईंचा हात चटकन चष्म्याकडे गेला. "मोडली होती. दुकानं बंद होती ना तेव्हा."

"म्हणजे इतके महिने हा असला चष्मा लावून माझ्या गोळ्या वाचत होतात? आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? दिसत होतं मला नीट."

"उद्या चष्म्याच्या दुकानात जायचं," मास्तर म्हणाले. "दोघांनी. मास्क लावून."

"आधी डोळा मिटून पडून राहा बघू जरा," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाटलीवरचं नाव वाचायला लागल्या.